दोन पावसाळे काढलेलं टेबल

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी डोंबिवलीतल्या टेंब्यांच्या घरातून जेवणाचं टेबल बाहेर पडलं. चार माणसांनी ते तीन मजले उतरवलं. मंदाकिनीबाई इस्त्री केलेला टेबलक्लॉथ हातात धरून दारात उभ्या राहिल्या. संध्याकाळी पाचला ठाण्याहून पाहुणे यायचे होते. मंदाकिनीबाईंच्या मुलीचं, ऋजुताचं, आणि अनिमेषचं लग्नाचं आपसात ठरलेलं होतं; अनिमेषच्या आईचं ठरायचं होतं.

"याला धंदा वाढणं म्हणतात, आई," त्यांचा मुलगा अद्वय म्हणाला.

अद्वयचा आंबिवलीला लाकूड आणि लोखंडकामाचा गाळा होता. तीन वर्षांपूर्वी एक वेल्डिंग मशीन आणि एक सुतार होता. आता नऊ माणसं होती आणि प्लायवूड फिरवायला जागा नव्हती. शोरूम तर नव्हतंच, म्हणून त्याने घरासाठी बनवलेलं फर्निचर बघायला गिऱ्हाईक घरी यायचं. अद्वय वस्तूवर थाप मारायचा. "नवीन माल कोणीही दाखवेल, साहेब. हे दोन पावसाळे काढलेलं आहे. सांधा हलतो का बघा."

गिऱ्हाईक सांधा हलवून बघायचं आणि म्हणायचं, मग आम्हाला हेच द्या.

याच पद्धतीने फेब्रुवारीत कपाट गेलं, एप्रिलमध्ये पुस्तकांचं रॅक. वडिलांची, म्हणजे हरिहरपंतांची पुस्तकं तेव्हापासून खोक्यांत होती.

टेबल मागितलं काळुराम भोईरांनी. गाळ्याशेजारची मोकळी जागा त्यांची, आणि अद्वयला तिथे शेड वाढवायची होती. काळुराम चहाला आले, टेबलाखाली वाकले आणि पाय धरून हलवून पाहिला.

"पोरा, मना ह्याच टेबल पायजे."

"काका, असंच नवीन देतो. पंधरा दिवसांत."

"नवीन फुगंल, वाकंल. ह्याचा जा व्हायचा ता झालाय."

शेडचा विषय टेबलापेक्षा मोठा होता. शिवाय खाली टेम्पोत जागा उरत होती, म्हणून सोफाही गेला.

"अरे, पाहुणे बसतील कशावर?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"चारपर्यंत गाळ्यावरून नवीन सोफा आणतो ना. तयार आहे."

सोफा तयार होता. पॉलिश ओलं होतं. चार वाजता फोन आला, "आई, हात लावला की बोटं उठतायत गं."

हरिहरपंतांनी सोसायटीच्या हॉलमधून सहा प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. प्रत्येकीच्या पाठीवर एकेका दिवंगत सभासदाचं नाव होतं.

"बाबा, त्यांच्या आईला गोडसे आजोबांवर बसवू नका," ऋजुता म्हणाली. "त्यांचा पाय वाकतो."

पाचला अनिमेष आईवडिलांना घेऊन आला. त्याच्या आईने, नंदाताईंनी, खोलीवरून एकदा नजर फिरवली.

"मुलगा फर्निचर बनवतो म्हणालात ना?"

"हो," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"आंबिवलीला."

"नाही, या घरात कुठे आहे, असं विचारतेय."

"होतं. लोक घेऊन जातात."

अनिमेषचे वडील सुधीरराव खाकरले. नंदाताईंनी पोह्यांची बशी ठेवायला जागा शोधली आणि शेवटी मांडीवर ठेवली.

"मग ऋजुता ऑफिसचं काम कशावर करते?"

"ओट्यावर, काकू," ऋजुता म्हणाली. "उभ्याने. पाठीला बरं असतं."

साडेसहाला पाहुणे उठले. "कळवतो," एवढंच नंदाताई म्हणाल्या.

मंदाकिनीबाईंनी मुलाशी अबोला धरला. सोमवारी काळुरामांनी शेडला होकार दिला. ती बातमी अद्वयने घरात मोठ्याने सांगितली, पण कोणी मान वर केली नाही.

मंगळवारी दुपारी एक चाळीसला अद्वयच्या फोनवर नंदाताईंचा निरोप आला. डबल बेड, सहा बाय साडेसहा, शिसवी रंग, डोक्याशी लोखंडी जाळी. खाली एक ओळ: अनिमेषच्या खोलीसाठी, डिसेंबरच्या आत.

"हा होकार आहे की ऑर्डर?" मंदाकिनीबाईंनी विचारलं. रविवारनंतरचं मुलाशी हे पहिलं वाक्य.

"आई, सध्या सिंगलवर झोपतो तो," ऋजुता म्हणाली.

"तुला काय माहीत?"

ऋजुता पाणी प्यायला गेली.

"तू नीट विचार रे त्यांना, काय ते," मंदाकिनीबाई अद्वयला म्हणाल्या. "स्पष्ट विचार."

अद्वयने विचार करून टाइप केलं, "बेडखाली ड्रॉवर हवेत का?" आणि पाठवून दिलं.

निरोपाखाली दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. सव्वातीनपर्यंत उत्तर आलेलं नव्हतं.