वीतभर गाडीचं झाकण

एका जंगलात, पोरांनो, रस्ता नव्हता पण गाडी होती.

गाडी सिंहमहाराजांची. लाल, चकचकीत, पुढे लिंबू-मिरची टांगलेली. आत इंजिन नव्हतं. महाराज गादीवर बसायचे आणि रयत मागून ढकलायची. ढकलता ढकलता ‘जय हो’ ओरडायचं, म्हणजे धापा कुणाला ऐकू जात नाहीत.

दर उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथे शर्यत असायची. महाराजांच्या गाडीची हुबेहूब वीतभर गाडी घरी करायची आणि टेकाडावरून सोडायची. ज्याची गाडी सगळ्यांत लांब जाईल, त्याच्या घरच्यांनी उन्हाळाभर डोहावर पहिलं पाणी प्यायचं. बाकीच्यांनी मागून गढूळ.

गोदाक्का साळिंदरणीला ते पहिलं पाणी हवं होतं. गेल्या उन्हाळ्यात गढूळ पिऊन तिचं धाकटं पिल्लू मरता मरता वाचलं होतं. तिने पांगाऱ्याचं लाकूड दातांनी कोरून गाडी केली. चाकं अशी गोल, की फुंकर मारली तरी फिरावीत.

परीक्षक होते बगळेगुरुजी. ते एका पायावर उभे राहून गाडी बाहेरून बघत. आतून बघायची रीत नव्हती.

“गोदाक्का, महाराजांच्या गाडीला डाव्या दाराशी पोचा आहे. तुझ्या गाडीला कुठाय?”

“गुरुजी, महाराज वारुळावर आदळले तेव्हाचा पोचा तो. तो कशाला करू?”

“निष्ठा कमी पडली,” गुरुजी म्हणाले.

मग आला नागोजी तरस. सदा हसरा. त्याच्या गाडीला पोचा होता, स्वतःच्या सुळ्याने पाडलेला. चाकांना वाळका चिखलसुद्धा होता. गुरुजींचे डोळे भरून आले.

आणि आत? आत काय नव्हतं ते विचारा! बुडाला शिसं, मासेमाऱ्याच्या फाटक्या जाळ्यातलं. आसाला एरंडेल. आणि पुढच्या झाकणाखाली, बाहेरून कडी लावून, एक जिवंत उंदीर. त्याच्या नाकापुढे भाकरीचा तुकडा टांगलेला. उंदीर भाकरीमागे धावायचा, चाकं फिरायची, भाकरी काही हाती लागायची नाही.

गाड्या सुटल्या. गोदाक्काची सगळ्यांच्या पुढे जाऊन सपाटीवर थांबली. नागोजीची सपाटी ओलांडून समोरचा चढ चढायला लागली.

“गुरुजी, ती गाडी चूं चूं करतेय,” गोदाक्का म्हणाली.

“आस कोरडा असेल.”

“कोरड्या आसाने कुणी चढ चढतं का? झाकण उघडा!”



“महाराजांच्या गाडीचं झाकण उघडायचं?” गुरुजींनी दुसरा पायही खाली टेकवला. “उद्या म्हणशील महाराजांचं धोतर सोडा!”

महाराजांनी चटकन धोतर सावरलं. नागोजी जिंकला.

पण महाराजांचं लक्ष गाडीवरच. “ही आपोआप चालते? मग मला इतकी वर्षं ढकलगाडीत का बसवलंत रे? नागोजी, माझी गाडीही अशीच कर. आत जे असेल तेच घाल, फक्त मापाने मोठं. नाही जमलं तर…” महाराजांनी जांभई दिली. दात सगळ्यांना दिसले.

नागोजी धावत गुरुजींकडे. “गुरुजी, मापाने मोठं म्हणजे केवढं हो?”

गुरुजींनी डोळे मिटून हिशोब केला. “आत काय आहे ते मला ठाऊक नाही. पण जे चूं करत होतं, ते मापाने वाढवलं तर साधारण तुझ्याएवढं होईल.”

“मी खरं सांगून टाकतो!”

“सांग की. महाराजांच्या नावाने उंदीर पळवला म्हण. दात बघितलेस ना?”

नागोजी हसला. तरसाला रडता कुठे येतं?

उंदीर त्याच दिवशी सुटला, जाताना भाकरीही घेऊन गेला. नागोजी झाकणाखाली शिरला. नाकापुढे हाडूक टांगलं. मापात फरक नको म्हणून गुरुजींनी बाहेरून कडी लावली.

गाडी काय पळाली म्हणता! महाराज खूश. रयत मोकळ्या हातांनी बाजूने चालायची आणि पोटभर दमाने ‘जय हो’ म्हणायची. नागोजीची बायको-पोरं डोहात पहिलं पाणी प्यायची, मग मनसोक्त डुंबायची. “आमचे हे महाराजांच्या अगदी पुढे असतात,” बायको सांगायची.

एका दुपारी गाडी डोहाकाठी उभी होती. महाराज झाडाखाली घोरत होते. गोदाक्का पिल्लांना गढूळ पाणी गाळून पाजत होती. झाकणातून आवाज आला.

“गोदाक्का, मी मेलो गं. कडी काढ!”

गोदाक्काने कडीवर पंजा ठेवला. मग पिल्लांकडे पाहिलं. ढकलून ढकलून सोललेले त्यांचे खांदे आता कुठे भरत होते. तिने पंजा काढून घेतला.

“मी म्हणत होते तेव्हा उघडायचं होतंस, नागोजी.”

पळसाच्या पानात पाणी घेऊन तिने फटीतून आत ओतलं.

“गढूळ आहे हे!”

“पी मुकाट. तुझ्याच पोरांनी केलंय.”

आणि जाता जाता तिने फटीतून काडी घालून त्याचं तिरकं झालेलं हाडूक सरळ केलं.

तात्पर्य: पोरांनो, लबाडावरचं झाकण कधी उघडू नये. लबाड बाहेर पडतो, गाडी बंद पडते, आणि ढकलायला पुन्हा आपल्यालाच बोलावतात.