अप्पांनी चेंडू घासला

माणसं कशी पटवायची हे मला कुणी शिकवू नये. माझ्या लग्नात एकमेकांशी अबोला धरलेले दोन काका मी एकाच पंगतीत शेजारी शेजारी जेवायला बसवले होते आणि मठ्ठा येईपर्यंत दोघांना बोलतं केलं होतं. तेव्हा एक म्हातारा जर्मन घरमालक म्हणजे काय मोठी गोष्ट! त्या रविवारी रेगेन्सबर्गच्या बसमध्ये बसताना मला खरोखर असंच वाटत होतं.

घर मिळणं गरजेचं होतं. आमच्या मालकाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्याला आमचं घर तिच्यासाठी हवं झालं. याला इथे 'आयगनबेडार्फ' म्हणतात. शब्द मोठा आहे, अर्थ छोटा आहे: सामान आवरा. सप्टेंबरअखेर बाहेर पडायचं होतं आणि या गावात घरं बघायला गेलं की रांग जिन्यावरून थेट फुटपाथवर येते. एका ठिकाणी तर आमच्या पुढचा माणूस मालकिणीच्या कुत्र्यासाठी खाऊ घेऊन आला होता. कुत्र्याने त्याला निवडलं. आणखी महिनाभरात काही जमलं नसतं, तर दूरच्या एखाद्या खेड्यात जावं लागलं असतं आणि अन्वीची शाळा बदलली असती. आठ वर्षांच्या पोरीला कुठे आत्ता दोन मैत्रिणी मिळाल्या होत्या.

अशात माझ्या नवऱ्याला, सत्यजितला, ऑफिसातल्या कुणीतरी हेर आयग्नर यांचा नंबर दिला. हेर म्हणजे इथले श्रीयुत. एकटेच राहणारे निवृत्त गृहस्थ, वरचा मजला रिकामा, तीन खोल्या, बाल्कनी, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर! सत्यजितने फोन केला. त्यांनी पगार विचारला नाही, नोकरी विचारली नाही. एकच प्रश्न विचारला, तो याला कळला नाही, आणि याने उत्तर दिलं, "गेनाऊ."

गेनाऊ म्हणजे 'अगदी बरोबर'. सत्यजित सात वर्षं या एका शब्दावर जर्मनी चालवतोय. समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही की गेनाऊ. ऑफिसातही असंच गेनाऊ म्हणून त्याने एकदा एका अनोळखी बाईंच्या निरोप समारंभाचं भाषण अंगावर घेतलं होतं. आयग्नर यांचा प्रश्न होता, "तुम्ही बेसबॉल खेळला आहात ना?"

त्यांच्या तळघरात बेसबॉलचं खाजगी संग्रहालय होतं, आणि घर द्यायच्या आधी भाडेकरूंना ते बघावं लागे. रविवारचं आमंत्रण आलं. मी आठवडाभर तयारी करून घेतली. सत्यजितला व्हिडिओ बघायला बसवलं. तो दर पाच मिनिटांनी "म्हणजे हा रनआउटच ना?" असं विचारायचा आणि मी ओरडायचे. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले माझे सासरे, अप्पा, यांना मी सांगितलं, "अप्पा, तिथे तुम्ही काही बोलायचं नाही. फक्त हसायचं."

"का? मी काय वेडा आहे?" अप्पा म्हणाले.

अन्वीला फक्त एवढंच सांगितलं की मोठ्यांच्या बोलण्यात पडू नकोस. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर मात्र ती जर्मनमध्येच देते. तिने मराठी बोलावं म्हणून मी तिच्या मागे लागत असते. ती जर्मन बोलते त्यात काही धोका असेल, असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

हेर आयग्नर उंच, सडसडीत, इस्त्रीचा शर्ट घातलेले. हस्तांदोलन करून त्यांनी आम्हाला सरळ तळघरात नेलं. दाराशीच जमिनीवर एक मळकट पांढरी चौकोनी उशी होती. मी शहाणी! त्यावर दोन्ही पाय स्वच्छ पुसले. हेर आयग्नरांनी डोळे मिटले. ती एका जुन्या मैदानावरून आणलेली 'बेस', म्हणजे खेळाडूंनी धावताना पाय टेकवायची जागा, होती म्हणे, माझ्या जन्माच्याही आधीची. मी "ओह" म्हटलं आणि तिच्यावरून उतरले.

तळघर मात्र बघण्यासारखं होतं, हे मान्य करायला हवं. पूर्वी तिथे बटाटे ठेवत असावेत, तो वास अजून चामड्याच्या वासात मिसळून येत होता. जुन्या फडताळांना काचा लावून कपाटं केलेली. टोप्या, लाकडी बॅटी, टराटरा उसवलेले हातमोजे, एक हाताने रंगवलेला धावफलक. युद्धानंतर या भागात अमेरिकन सैनिक आले, त्यांनी इथल्या पोरांना बेसबॉल शिकवला, त्या पोरांत हेर आयग्नरांचे वडील होते. ते सगळं सांगताना या गंभीर माणसाचा आवाज एकदम हळवा झाला. मला वाटलं, झालं, आता फक्त चार वेळा माना डोलवायच्या की किल्ल्या आपल्या हातात!

त्यांनी एक हातमोजा काढून सत्यजितपुढे धरला, घालून बघा म्हणाले. सत्यजितने उजवा हात पुढे केला. ज्या हाताने माणूस जेवतो, लिहितो, झेल घेतो, तोच हात पुढे करणार ना? पण बेसबॉलमध्ये मोजा दुसऱ्या हातात घालतात, उजवा हात चेंडू फेकायला मोकळा ठेवतात. हेर आयग्नरांचा चेहरा उजळला. डावखुरे आहात का, त्यांनी विचारलं.

"गेनाऊ," सत्यजित म्हणाला.

त्यांचे वडीलही डावखुरे होते! त्यांनी सत्यजितची पाठ थोपटली, खास डावखुऱ्यांचा मोजा शोधून आणला, वडिलांचे फोटो दाखवले. आता हे निस्तरणं शक्य नव्हतं. मी सत्यजितच्या कानात मराठीत म्हटलं, "आता इथून बाहेर पडेपर्यंत तू डावखुरा. कळलं?" त्याने डाव्या हाताने नाक खाजवलं. म्हणजे कळलं होतं.

मग हेर आयग्नरांनी मधलं कपाट उघडलं आणि एक चेंडू दोन्ही हातांनी बाहेर काढला. पिवळट, मळलेला, त्यावर फिकट करड्या अक्षरांत एक सही. वडिलांना खेळ शिकवणाऱ्या सैनिकाने मायदेशी परतताना दिलेला चेंडू, आणि सही त्याची. तो त्यांनी अप्पांच्या हातात ठेवला, घरातलं सगळ्यांत ज्येष्ठ माणूस म्हणून. मला भरून आलं. इतका मान आमच्या अप्पांना कुणी पुण्यातही दिला नव्हता. मग हेर आयग्नर कॉफी लावायला वर गेले.

आता अप्पांबद्दल एक सांगायला हवं. अप्पा बँकेच्या संघातून बरीच वर्षं नव्या चेंडूने गोलंदाजी करायचे. त्यांच्या हातात चेंडू दिला की पुढचं हातच करतात, डोक्याला विचारत नाहीत. मी भिंतीवरचा एक फोटो बघून वळले, तोवर अप्पांनी बोटावर थुंकी घेतली होती, चेंडूच्या एका बाजूला लावली होती आणि आपल्या क्रीम रंगाच्या पँटवर, मांडीपाशी, चांगला जोर लावून चेंडू घासत होते.

"अप्पा, काय करताय!"

"किती कोरडा पडलाय बघ बिचारा," अप्पा म्हणाले. "एक बाजू तरी चमकायला नको?"

एक बाजू चमकत होती. सही गेली होती. ती जुन्या काळच्या त्या विशिष्ट पेन्सिलीने केलेली असावी, जिचा करडा रंग ओला झाला की जांभळा होतो. चेंडूवर जांभळा ढग, अप्पांच्या पँटवर जांभळा पट्टा, आणि बोट दोनदा तोंडात घातल्यामुळे अप्पांचा खालचा ओठही जांभळा! त्या क्षणी मला बाल्कनी दिसली, शाळा दिसली, आणि दोन्ही मला टाटा करत होत्या.

मी चेंडू हिसकावून कपाटात ठेवला, जांभळी बाजू खाली. मग तिथेच मराठीत बैठक झाली. सत्यजितचं म्हणणं, खरं सांगून टाकू. मी म्हटलं, करारावर सही होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, नंतर मी बघते. अप्पांना आपण काय केलं तेच पटत नव्हतं. अन्वी तिथेच उभी राहून सगळं ऐकत होती. तिच्याकडे आमचं लक्षच नव्हतं.

वर गेलो तर टेबलावर काय असावं? आलुबुखाराचा केक! जांभळ्या फोडींनी गच्च भरलेला. देव आहे, असं मला वाटलं. अप्पांच्या ओठाचा प्रश्न आपोआप सुटला. राहिली पँट. मी अप्पांना केक वाढायला उठले आणि, तुम्हाला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मी सासऱ्यांच्या मांडीवर ताटलीतला पदार्थ नेम धरून पाडला. बरोबर डागावर पडला. मी "अरेरे" म्हटलं, हेर आयग्नर रुमाल घेऊन धावले, आणि मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

तेवढ्यात अप्पांचं लक्ष सत्यजितकडे गेलं. तो डाव्या हाताने केक खात होता. खात होता म्हणजे काय, काटा नाकापाशी नेऊन मग तोंड शोधत होता.

"डाव्या हाताने काय जेवतोस?" अप्पा कडाडले. "चार लोकांत लाज आणतोस. हात बदल."

सत्यजितने बिचाऱ्याने हात बदलला. मग हेर आयग्नरांकडे बघून परत बदलला. काटा खाली पडला. हेर आयग्नरांनी अन्वीला विचारलं, आजोबा काय म्हणाले?

मोठ्यांच्या बोलण्यात पडायचं नव्हतं, पण इथे मोठ्यांनीच विचारलं होतं. अन्वीने केकचा घास शांतपणे गिळला आणि स्वच्छ बव्हेरियन उच्चारांत सगळं सांगितलं. पापा डावखुरा नाही, आईने त्याला आज डावखुरा व्हायला सांगितलंय. आजोबांनी थुंकी लावून चेंडू घासला. आता चेंडूवर नाव नाही. आणि मग, माझ्याकडे बोट करून, "मामा हाट दास एक्स्ट्रा गेमाख्ट." केक आईने मुद्दाम पाडला!

हेर आयग्नर उठून खाली गेले. आम्ही तिघं मोठी माणसं खुर्च्यांवर शाळेतल्या पोरांसारखी बसून राहिलो. मला रडूच येणार होतं. सत्यजितचा राग येत होता, अप्पांचा येत होता, आणि खरं बोलल्याबद्दल पोरीला रागावता येत नाही याचा सर्वांत जास्त येत होता.

ते चेंडू दोन्ही हातांत धरून परत आले. मी माझं जर्मन गोळा करून माफीचं पहिलं वाक्य सुरू केलं, तर अप्पा उठून उभे राहिले.

"विभावरी, तू थांब. अन्वी, मी सांगतो ते जसंच्या तसं त्यांना सांग. आईकडे बघायचं नाही." मग ते हेर आयग्नरांसमोर गेले, जांभळ्या ओठांनी, केकने भरलेल्या पँटनिशी. "चेंडू मी घासला. तो खराब करायला नाही. आमच्याकडे चेंडू घासतात तो पुन्हा खेळायला नीट व्हावा म्हणून. हा इतकी वर्षं कुणी फेकला नाही, हे मला बघवलं नाही. तुमच्या वडिलांची आठवण माझ्या हातून पुसली गेली, त्याचं मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं."

अन्वीने एकेक वाक्य सांगितलं. हेर आयग्नर चेंडूची चमकलेली बाजू अंगठ्याने चाचपत होते.

"हा कपाटात ठेवलेला बघून वडील माझ्यावर चिडायचे," ते शेवटी म्हणाले. मग त्यांनी अप्पांना विचारलं की एकच बाजू का घासायची?

त्यानंतरचा वेळ दोघं बागेत होते. अप्पा पँटवर दुसरा एक साधा चेंडू घासून तो हवेत कसा वळतो ते दाखवत होते, आणि तो वळत नव्हता, तरी हेर आयग्नर दर वेळी टाळ्या वाजवत होते. आम्ही दोघांनी ताटल्या धुतल्या.

आत आल्यावर त्यांनी निर्णय सांगितला. घर द्यायला ते तयार होते. पण अप्पांना.

"हे खरं बोलतात," ते आमच्याकडे बघून म्हणाले. "तुमचं दोघांचं मला अजून सांगता येत नाही."

मी समजावून सांगितलं की अप्पा ऑक्टोबरात पुण्याला परत जाणार आहेत. अप्पांना बोलणं कळल्यावर ते म्हणाले, आधी ओटा किती उंच आहे ते बघू, मग मी विचार करतो. त्यांनी ओटा बघितला. नळ सोडून बघितले. मग आमच्या वतीने होकार दिला. करार सत्यजितच्या नावावर झाला, पण आमच्या वागणुकीची जबाबदारी अप्पांची, असं दोघांचं हात मिळवून ठरलं.

तर घर मिळालं. अन्वीची शाळा तीच राहिली, मैत्रिणी त्याच राहिल्या, बाल्कनीत माझी कोथिंबीरही उगवली. फक्त आमच्याबद्दल काही तक्रार असली तर हेर आयग्नर ती आम्हाला सांगत नाहीत. रविवारी कॉफी घेऊन वर येतात, अन्वीला शेजारी बसवतात आणि पुण्याला व्हिडिओ कॉल लावतात.

"विभावरी," परवा अप्पा पडद्यावरून म्हणाले, "शनिवारी दुपारी त्यांच्या झोपेच्या वेळेला मिक्सर लावलास म्हणे."

कंपनीत मी हाताखालच्या लोकांची कामं तपासते. माझ्यापुढे भलेभले चाचरतात.

"चुकलं, अप्पा," मी म्हटलं.

"मला नको. त्यांच्याकडे बघून म्हण."

मी हेर आयग्नरांकडे वळून पुन्हा म्हटलं, "चुकलं." अन्वीने त्या एका शब्दाची जर्मनमध्ये तीन वाक्यं केली. त्यातली दोन तिची स्वतःची होती, आणि दुर्दैवाने मला जर्मन कळतं.