तरे सरांचा आवाजाचा रकाना

सहा वर्षांपूर्वी आमच्या शाळेत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा दारात उभ्या असलेल्या एका उंच, किडकिडीत माणसाला मी नुसतं "नमस्कार सर" म्हणाले. त्यांनी दोन्ही हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाले, "मशीन बंद करा, मॅडम. मी इथंच हाय."

आधीच्या शाळेत मी एकेका वर्गात सत्तर-सत्तर मुलं हाकत होते, त्यामुळे माझा नमस्कार जरा दणदणीत पडला असणार. पण रुजू व्हायच्या दिवशीच असं स्वागत म्हटल्यावर मी मनात म्हटलं, गायकवाडबाई, इथं आपलं काही खरं नाही.

पुढे कळलं की हे वाक्य माझ्या एकटीच्या वाट्याचं नाही. रिक्षावाला तावातावानं बोलायला लागला की तरे सर त्याला म्हणत, "मशीन बंद कर. मी इथंच हाय." भाजीवालीला तेच, सरकारी कचेरीतून तपासणीला आलेल्या साहेबांना तेच. एका गणपतीत तर मंडपातल्या स्पीकरसमोर उभं राहून त्यांनी त्या स्पीकरलाच हे सांगितलं. मंडळाची पोरं हसली, पण आवाज कमी केला.

आमची शाळा म्हणजे भिवंडीतल्या एका बंद पडलेल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, गाळ्यात पाडलेल्या दोन खोल्या. मधे प्लायवूडची भिंत. एका बाजूला तरे सर, एका बाजूला मी. फरशीवरचे तेलाचे डाग सहा वर्षं फिनेल ओतूनही गेले नाहीत आणि शेजारचे गाळे चालूच असतात, त्यामुळे दिवसभर खडखडाट. मोठ्या शाळेतून गळालेली मुलं आमच्याकडे येतात. कोणी लूम कामगाराचं, कोणी गोदामात पॅकिंगला जाणारं, कोणी घरी धाकटी भावंडं सांभाळणारं. त्यांना वाचतं करायचं, जमलं तर मोठ्या शाळेत परत धाडायचं, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवायचं. मुंबईची एक संस्था हे सगळं चालवते आणि दर मार्चला आमच्याकडून वार्षिक प्रगती अहवाल मागते. तो लिहायचं काम माझं.

या अहवालाचा मला मनापासून कंटाळा आहे. पट किती, गळती किती, वाचन कोणत्या पायरीवर, गणित कोणत्या पायरीवर. नोव्हेंबरात गावाला गेलेलं मूल जानेवारीत परत येतं आणि फेब्रुवारीत पुन्हा जातं, त्याला कोणत्या चौकोनात बसवायचं हे मुंबईला माहीत नाही आणि मलाही नाही. त्यात तरे सरांनी स्वतःचा एक रकाना घुसडला होता. आवाज.

या रकान्यात तीन श्रेण्या. मूल येताना असतं ती 'मशीन'. थोडं उतरलं की 'पंखा'. समोरच्याला ऐकू येईल इतपतच बोलायला लागलं की 'माणूस'. पहिल्या वर्षी मुंबईहून विचारणा आली की 'पंखा : सहा' याचा अर्थ काय, शाळेला पंखे हवे आहेत का. मी दीड पानाचा खुलासा पाठवला. पंखे काही आले नाहीत.

मला हे खूळ वाटायचं. मग शबनम आली. दहा वर्षांची, दोन वेण्या, डोळे सारखे काहीतरी शोधणारे. मोठ्या शाळेतून तिच्या बापाला बोलावून सांगितलं होतं की मुलगी उद्धट आहे, अंगावर येते. आमच्याकडे पहिल्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "सर, मुझे पानी पीना है." पण असं म्हणाली की पलीकडच्या गाळ्यातला मुकादम डोकावून गेला.

"पोरगी उद्धट न्हाय," तरे सर मला म्हणाले. "लूमच्या माळ्यावर राहतात ती माणसं. खाली बारा मशिनी. बापाला पाणी मागायचं तरी बारा मशिनींच्या वर मागायला लागतं. शाळेत गेल्यावर कोण सांगणार तिला, की इथं मशिनी न्हायत?"

त्यांना हे ठाऊक होतं, कारण ते स्वतः दहाव्या वर्षापासून वडिलांच्या चार मशिनींवर उभे राहिले होते. त्यातूनच शिकत शिकत बी. ए. झाले. पुढे त्या मशिनी भंगारात गेल्या आणि तरे सर इकडे आले. ओरडून बोलणाऱ्या पोराला जग भांडखोर समजतं आणि मग ते पोर खरंच भांडायला लागतं, हा त्यांचा सिद्धांत होता. त्यावर त्यांचा इलाज म्हणजे पतंगाच्या कागदाची पट्टी. मुलानं ती तोंडासमोर धरायची आणि धडा वाचायचा. "कागद हलला न्हाय पाहिजे." सगळा वर्ग निळ्या-गुलाबी पट्ट्या धरून वाचतोय, हे मी रोज पाहायची. हसू यायचं, पण मुलं उतरायची हे खरं. शबनम वर्षभरात 'पंखा' झाली.

दोनेक वर्षांपूर्वी सरांनी पट्ट्या एकाएकी बंद केल्या. कारण विचारलं तर म्हणाले, "तोंड दिसलं पाहिजे." मग त्यांनी आपली खुर्ची खिडकीला पाठ करून मांडली, म्हणजे उजेड मुलांच्या तोंडावर पडेल. हजेरीला "हजर" म्हणायची पद्धत काढून हात वर करायची आणली. मी म्हटलं, म्हातारपणी माणसाला नवनवी खुळं सुचतात.

मुलांचीही तऱ्हा बदलली होती. सकाळी चपला काढता काढता एकमेकांना विचारायची, "आज शिफ्ट किसका?" मला वाटायचं, बापाच्या, भावाच्या शिफ्टबद्दल बोलतायत. ज्याची असेल तो पहिल्या बाकावर जाऊन बसायचा. ते मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावायला मला सवड नव्हती.

आणि आवाजाचा रकाना वर्षागणिक सुधारत होता. मागच्या मार्चला सरांनी यादी दिली, त्यात सगळी मुलं 'माणूस'. एकही मशीन नाही, एकही पंखा नाही. आणि मी प्लायवूडच्या अलीकडे डोकेदुखीची गोळी घेऊन बसले होते.

"सर, शबनमचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू येतो."

"भिंत पातळ हाय."

"आणि बाकीच्यांचा?"

"सगळ्यांनाच पातळ हाय."

खोटे आकडे पाठवणं माझ्या जिवावर आलं होतं, पण भांडायची ताकद नव्हती. पाठवले. त्या दिवसापासून आमच्यात जरा अढी पडली. दुपारी दोनला मी निघायची, तेव्हा सर फळा पुसत असायचे. मी दारातून म्हणायची, "येते, सर." पूर्वी ते "या" म्हणायचे. आता ढिम्म. मी मनात म्हणायची, राहिलं, तुमचा ताठा तुमच्यापाशी.

या वर्षी फेब्रुवारीत मुंबईहून पत्र आलं. शिक्षकांचे करार आता सरसकट वाढवले जाणार नाहीत, संस्थेच्या बाई भेट देतील आणि ती भेट व अहवाल पाहून निर्णय होईल. माझं डी. एड. झालेलं आहे, वय बेचाळीस. तरे सरांचं डी. एड. नाही आणि साठी उलटलेली. पत्र कोणासाठी आहे ते दोघांनाही कळलं. सरांनी ते वाचून घडी घातली आणि म्हणाले, "येऊ द्या. पोरं बघतील त्या."

बाई आल्या. साध्या, हळू बोलणाऱ्या. सर फळ्यावर भागाकार मांडत होते, त्यांची पाठ आमच्याकडे. मी बाईंच्या शेजारी उभी होते. बाईंनी मागूनच विचारलं, "सर, ही मुलं इथून गेल्यावर पुढे टिकतात का?"

सर लिहीत राहिले.

पहिल्या बाकावर शबनम होती. तिनं फरशीवर टाच दोनदा आपटली. फरशीचा हादरा पायाला लागला तसे सर वळले. शबनमनं हनुवटीनं बाईंकडे खूण केली आणि बाईंचा प्रश्न नुसत्या ओठांनी, आवाज न काढता, हिंदीत सांगितला. सर बाईंकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "निम्मी टिकतात, मॅडम. बाकीची परत आली तर आम्ही दार बंद करत न्हाय."

लूमवर माणसं अशीच बोलतात. खडखडाटात शब्द जात नाहीत, ओठ जातात. त्या मुलांना हे शिकवायला लागलं नव्हतं, ती ते घरूनच घेऊन आली होती. बाईंनी आणखी दोन प्रश्न विचारले. दोन्ही वेळा टाच आणि दोन्ही वेळा ओठ. आज शिफ्ट किसका, ते मला तेव्हा कळलं. आणि दोन वर्षांत सगळी मुलं 'माणूस' कशी झाली, तेही कळलं.

चहा पिताना बाईंनी विचारलं, "सरांना ऐकू येत नाही?"

"मुलांचं कळतं," मी म्हटलं.

"मग तुमच्या अहवालातलं ते आवाजाचं?"

तो रकाना मी सरांच्या यादीवरून भरला होता, हे मी सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "या वेळी खरं लिहा. सरांचं त्यावरच ठरवू."

मुलं गेल्यावर मी सरांच्या खोलीत गेले आणि मुद्दाम त्यांच्यासमोर बसले.

"सर, किती दिवस?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "डावा चार वर्षांपूर्वी गेला. उजवा जातोय."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही अहवाल लिहिता."

मी विचारलं, "आणि मुलांना?"

"पोरांना वाटतं, मला ठाऊक न्हाय. शिफ्टची यादी लावलीय त्यांनी फळ्यामागं. शबनमच्या अक्षरात. चार चुका हायत. सुधारायला हात शिवशिवतो, पण सुधारल्या तर त्यांना कळेल."

"मग यादीत सगळी माणूस कशी लिहिलीत? खोटं नाही का ते?"

"खोटं न्हाय, मॅडम. मला जेवढं ऐकू आलं तेवढं लिहिलं."

मी म्हटलं, कानाला मशीन लावून घ्या, हल्ली बारीक मिळतात, दिसतही नाहीत. ते पहिल्यांदाच हसले. "जन्मभर लोकांना मशीन बंद करा बोललो. आता माझ्याच कानात मशीन?"

मग मीही हसले आणि मला एकदम फार थकल्यासारखं झालं. सर खिडकीकडे पाहत बोलत राहिले. कशेळीकडची त्यांची जमीन गोदामाला गेली, तिथं आता मुलानं तीन मजली घर बांधलंय. "घर चांगलं हाय. सून वाईट न्हाय. पण ती बोलते किचनमधून, मुलगा बोलतो मोबाईलकडं बघून, नातू टीव्हीकडं बघून. कोणाचंच तोंड दिसत न्हाय. मी जेवतो नि झोपतो. इथं आलो की सगळी तोंडं माझ्याकडं असतात. रविवार मोठा जातो, मॅडम."

या माणसाला मी वर्षभर ताठ समजत होते. माझी मला लाज वाटली.

अहवाल लिहायला मला चार दिवस लागले. आवाजाच्या रकान्यात मी खरं लिहिलं. बहुतेक मुलं मशीन, काही पंखा, माणूस तीन. सरांना ऐकू कमी येतं, हेही लिहिलं. त्याखाली 'विशेष प्रगती' असा एक चौकोन असतो, जो मी सहा वर्षं कोरा पाठवत आले होते. त्यात लिहिलं की या शाळेतली मुलं समोरच्याच्या तोंडाकडे पाहून, त्याला कळेस्तोवर, न चिडता बोलतात. पाळी लावून बोलतात. उद्धट म्हणून काढलेली हीच ती मुलं. हे त्यांना कोणत्याही धड्यात शिकवलेलं नाही, आणि तरे सर गेले तर पुढे कोणाशी असं बोलतील ते मला माहीत नाही. एवढं लिहून मी ते पुन्हा न वाचता पाठवून दिलं, कारण वाचलं असतं तर खोडलं असतं.

एप्रिलच्या शेवटी उत्तर आलं. दोन ओळी. तरे सरांचा करार एक वर्ष वाढवला आहे. त्यांनी कानांची तपासणी करून घ्यावी.

सरांनी तपासणी केली. मशीनही घेतलं. ते रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात असतं. विचारलं तर म्हणतात, "खिशात चांगलं चालतं."

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी दुपारी दोनला ते नेहमीसारखे फळा पुसत होते. मी दारातून सवयीनं म्हणाले, "येते, सर." ते पुसत राहिले. मी चपला परत काढल्या, आत गेले, बाकांमधून वळसा घालून फळ्याच्या आणि त्यांच्या मधे जाऊन उभी राहिले. डस्टर हवेतच थांबलं. मी आवाज अजिबात काढला नाही, नुसते ओठ हलवले. येते, सर.

त्यांनी दोन्ही हात वर केले, एका हातात डस्टर.

"मशीन बंद करा, मॅडम," तरे सर म्हणाले. "मी इथंच हाय."