सासूबाईंचं नाक आणि सहा खिळे

"माझ्या नाकाला चकवणारा वास अजून जन्माला यायचाय!" असं गरजत सासूबाईंनी कंबर कसली आणि त्या जिना उतरल्या.

कारण तसंच होतं. सून तीन आठवडे खोकत होती. डोळे लालबुंद, डोकं ठणकतंय. मुलाचं छपाईचं ऑफिस घरातच, पुढच्या खोलीत. कपाटाएवढी दोन प्रिंटर मशीनं आणि त्यांच्यामध्ये दिवसभर सून. डॉक्टरने विचारलं, "खोलीत कसला वास येतो का?"

सासूबाईंच्या घरात वास? खोली आरशासारखी लख्ख! धुळीचा कण दाखवा, बक्षीस न्या! म्हणजे वास बाहेरचाच. जिन्याखालीच फर्निचरचं दुकान होतं.

"काय रे ए फर्निचरवाल्या! तुझ्या पॉलिशने माझ्या सुनेला मारतोस?"

"आजी, मी महिनाभर पॉलिशला हात लावला नाही!"

"मग इतका चिकट कसा राहिलास?"

तिथून त्या शेजारणीकडे गेल्या. "फरशी कशाने पुसतेस, विषाने?"

"पाण्याने पुसते!" शेजारीण म्हणाली आणि तिने दार धाडकन आपटलं.

तणतणत घरी येतात तो मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक नाक दाबून उभा. "आजी, मशीन तापलं की शाईतली रसायनं हवेत सुटतात. बारीक भुकटीही उडते. वहिनी दिवसभर तेच ओढतायत. हवा खेळती हवी."

"मग खिडकी उघड की! मुहूर्त काढू?"

"कुठली? ही फळ्या ठोकलेली?"

सासूबाईंचा पारा चढला. "कुणा अकलेच्या खंदकाने ठोकल्या? समोर आणा त्याला, सोलून काढते!"

मुलगा पंखा न्याहाळू लागला. सुनेला खोकला आला. पण हा खोकला वेगळा होता, खांदे हलवणारा. कोऱ्या कागदांवर धूळ बसते म्हणून महिन्यापूर्वी हातोडी कुणी उचलली होती, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं.

"दात काय काढतेस? बाहेर जाऊन बस मोकळ्या हवेत! आणि खिडकी उघडेपर्यंत मशीन चालू केलंत तर बघा!"

पकड होती एकट्या फर्निचरवाल्याकडे. तो आला, घामाघूम झाला. पाच खिळे निघाले, सहावा हलेना.

"आजी, कुणी ठोकलाय हो हा?"

"तू उपट! पंचनामा नको!"

त्याने भिंतीला पाय लावून ओढलं. खिळा जागचा हलला नाही. सासूबाईंना राहवेना.

"बघ," त्या हळूच म्हणाल्या, "ठोकलाय पण कसा!"