जंभालाचं पोट

डोमाजीकाकांच्या घरी मूर्तीला हात जोडले की ते खवळत. "गुरुजी, हात खाली! देव नाही तो, पाहुणा आहे. जयभीम करा न् बसा."

हा पाहुणा म्हणजे जंभाल, बौद्धांचा धनाचा मालक. काका जंगलखात्यात नाकेदार असताना गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत एका घरी त्यांना तो भेटला. लठ्ठ, खुशीत, मांडीवर मुंगूस आणि मुंगसाच्या तोंडातून रत्नं सांडताहेत. निवृत्त होऊन पवनीत आमच्या शेजारी आल्यावर काका तळ्याच्या मातीचे तसलेच जंभाल घडवू लागले. पूजेला मात्र सक्त बंदी. दीक्षा घेतली तेव्हा घरचे देव त्यांनी स्वतः वैनगंगेत सोडले होते.

मला धन हवं होतं, तेही बसल्या जागी. लॉटरीच्या निकालाच्या दिवशी मी नवी चप्पल घालून पेपर आणायला जायचो. बायको म्हणायची, "चपला पाहून नंबर लागत नाही." तेव्हा काकांना म्हटलं, आमच्या घरासाठी एक जंभाल बनवाच.

काकांनी बनवायला घेतला, पण मुंगसाच्या तोंडात रत्नांऐवजी धानाचे दाणे! मी कुरकुरलो.

"रत्नं शिजवून खाता का गुरुजी?" काका म्हणाले. विषय संपला.

रोज शाळा सुटली की मी मूर्ती पाहायला जायचो. रोज एकच उत्तर, "पोट उणं वाटून राहिलं." मग काका पोटावर ओल्या मातीचा एक थर चढवत, चहा ठेवत आणि नाकेदारीतल्या बिबट्याची गोष्ट सांगत. बिबट्या दर खेपेला हातभर लांब व्हायचा. धानकापणी आली तोवर जंभालाचं पोट इतकं सुटलं की मुंगूस घसरून गुडघ्यावर आलं. मी खूश होतो. मला वाटे, ही सगळी माझीच श्रीमंती वाढतेय.

आणि माझी साकोलीला बदली झाली.

"काका, आता जसा आहे तसा द्या," मी म्हटलं.

काकांनी चाकू घेतला आणि पोटावरची माती खरवडायला सुरुवात केली. थरामागून थर सुटत गेले. आत एक गुळगुळीत, बेतशीर, पुरं झालेलं पोट निघालं.

"हा तं पोळ्याच्या आधीच झाला होता," काका म्हणाले.

"मंग रोज माती काहून लावत होते?"

काका मूर्तीकडेच पाहत राहिले. "झाला म्हनलं असतं तं तुमी घेऊन गेले असते. मंग इथं कोन येते? पोरगा दिवाळीले येते नागपुरातून."

माझ्यासारख्या माणसाचं घरी येणं कुणाला इतकं मोलाचं वाटेल, हे मला ठाऊकच नव्हतं. बायकोला तर अजूनही पटत नाही.

मी मूर्ती उचलली, निरखली आणि पुन्हा पाटावर ठेवली.

"काका, मुंगसाचं तोंड मले पसंत नाही. उंदरासारखं दिसते. दुसरं बनवा. रविवारी साकोलीहून येतो पाहाले."

"उंदीर?" काका कडाडले. "उभी जिंदगी जंगलात गेली माही, न् तुमी मले मुंगूस शिकवता?"

पण बोलता बोलता त्यांनी मातीच्या घमेल्यात पाणी ओतलं होतं.