पुढच्याचं बघून

"बाबा, तुम्हाला फक्त तासभर शांत बसायचंय," मुलगी म्हणाली. "त्यात अवघड काय आहे?"

मिस्त्रींना त्यातलं 'शांत'ही अवघड वाटलं आणि 'बसायचंय'ही. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. एका जागी थांबलेलं काहीही दिसलं की ते बिघडलंय असं त्यांना वाटायचं, मग ती लिफ्ट असो की माणूस.

"माझा गुडघा धड असता तर मीच गेले असते," मिस्त्रींची बायको शर्टाला इस्त्री करत म्हणाली. "यांना पाठवायचं म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही. हात घाला बाहीत."

प्रकरण असं होतं. मुलीने आपल्यासाठी मुलगा पसंत केला होता. मुलगा लाखात एक. आठवडाभर जमिनी मोजायचा आणि रविवारी ल्युथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. अडचण मुलात नव्हती, मुलाच्या आईत होती. बाई दातांच्या डॉक्टर, शिवाय चर्चच्या मंडळाच्या सेक्रेटरी. दातांच्या डॉक्टरांचं एक असतं. समोरच्याचं तोंड त्यांनी उघडून धरलेलं असतं, त्यामुळे उलट उत्तर ऐकायची सवयच राहत नाही. बाईंनी मुलीला सांगितलं होतं, "तू चांगली आहेस. पण घर कसं आहे ते कळायला हवं. वडिलांना रविवारी उपासनेला पाठव. एका उपासनेत माणूस कळतो. मग ठरवू."

मुलीची नेमकी त्या दिवशी हॉस्पिटलात ड्यूटी. म्हणून सकाळी सात वाजता ही शिकवणी चालली होती.

"ते उभे राहिले की उभं राहायचं. बसले की बसायचं. गीत आलं की ओठ हलवायचे."

"आणि ते भाकरीचं?"

"प्रभुभोजन. सगळे रांगेने पुढे जातात. पाळक, म्हणजे त्यांचे पाद्री, भाकर देतात. तुम्ही चर्चचे नाही, तर हात छातीवर असे फुली करून जायचं. म्हणजे त्यांना कळतं की या माणसाला भाकर नको, नुसता आशीर्वाद हवाय. उपासनेच्या कागदावर तसं छापलंय."

"आणि मी विसरलो तर?"

"पुढच्याचं बघून करा."

हे मिस्त्रींना पटलं. एवढा एक नियम लक्षात ठेवायचा तर कोणीही ठेवेल. ते निघाले आणि चष्मा इस्त्रीच्या टेबलावर राहिला.

चर्चच्या दारात कोटाला बिल्ला लावलेले एक आजोबा उभे होते. त्यांनी मिस्त्रींचा हात हातात घेतला, चार पानी कागद दिला आणि म्हणाले, "या, या. कुठेही बसा."

आता, ल्युथरन चर्चमध्ये 'कुठेही बसा' म्हणजे मागे बसा. हे कुठे लिहिलेलं नसतं. बाक भरतात ते मागून पुढे आणि पहिल्या चार रांगा वर्षानुवर्षं कोऱ्या राहतात. त्यांचं पॉलिशसुद्धा उडत नाही. मिस्त्रींना हे कोण सांगणार? त्यांनी विचार केला, मुलीच्या सासरी आलोय, मागे बसलो तर तोंड लपवल्यासारखं दिसेल. ते सरळ गेले आणि पहिल्या बाकावर, बरोबर मधोमध बसले.

बसल्यावर कागद उघडला. मुंग्यांची रांग दिसली. खिसा चाचपला. मग कागद मिटून मांडीवर ठेवला आणि पुढच्याचं बघायचं ठरवलं. पुढे कोणीच नव्हतं. पुढे भिंत, वेदी, दोन मेणबत्त्या आणि एक खुर्ची.

त्यात त्या दिवशी चर्चमध्ये आणखी एक भानगड होती, ती मिस्त्रींना नंतर कळली. सव्वीस वर्षं तिथे असलेले जुने पाळक आधल्या आठवड्यात निवृत्त होऊन, बायकोला घेऊन, दूर मुलाकडे राहायला गेले होते. नवे पाळक आजच आले होते. त्यांनी उपासनेचा क्रमही नवा छापला होता. मंडळी सव्वीस वर्षं एकाच क्रमाने उठत-बसत आलेली. डोळे मिटून जमायचं. आज हातात नवा कागद, आणि तो वाचायचा म्हणजे आपल्याला येत नाही हे शेजारच्याला दाखवायचं. तेव्हा कागद सगळ्यांनी नीट घडी करून ठेवला होता आणि सगळे पुढे बघत होते. पुढे मिस्त्री होते.

घंटा झाली. ऑर्गन सुरू झाला. झगा घातलेले तरुण पाळक आले आणि उभे राहिले. मिस्त्रींना हायसं वाटलं. पुढचा माणूस सापडला होता.

पाळक उभे, मिस्त्री उभे. मिस्त्री उभे, मंडळी उभी. इथवर सगळं ठीक होतं. मग पाळकांनी प्रार्थनेसाठी वेदीकडे तोंड केलं, म्हणजे जागच्या जागी मागे वळले. मिस्त्रीही मागे वळले.

आता त्यांच्यासमोर दीडशे माणसं होती. सहाव्या रांगेत, निळ्या कोटात, फोटोत पाहिलेली मुलाची आई. त्यांची नजर मिस्त्रींच्या तोंडावर अशी होती, की जणू मागची दाढ बघतेय. अशा वेळी माणूस काय करेल? ओळख दाखवेल. मिस्त्रींनी मान खाली लववली. बाईंनी लववली. मग दीडशे माना खाली गेल्या.

"कोण हे?" मागून कोणीतरी कुजबुजलं.

"वरच्या ऑफिसातले असणार. नव्या पाळकांचा पहिला दिवस ना. बघायला पाठवलं असेल."

हे वाक्य बाकांवरून शेवटपर्यंत गेलं आणि परत सहाव्या रांगेत आलं, तोवर त्यात 'असेल' उरलं नव्हतं.

पाळक प्रार्थना संपवून वळले, तर अख्खी मंडळी मान खाली घालून उभी. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आधीच्या चर्चमध्ये त्यांनी प्रार्थनेत घड्याळ बघणारी माणसंच पाहिली होती. ही शिस्त कोणाची, हेही त्यांच्या लक्षात आलं. पहिल्या बाकावर ज्येष्ठ गृहस्थ एकटेच होते, मानाच्या जागी. पाळकांनी मनात ठरवलं, इथली रीत आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा आज यांच्याकडे बघून करायचं.

मिस्त्री पुन्हा समोर वळले, आणि तिथून पुढे मिस्त्री पाळकांकडे बघत होते आणि पाळक मिस्त्रींकडे. वाचन संपल्यावर दोघं एकमेकांकडे बघत इतका वेळ उभे राहिले, की शेवटी पाळकांना शिंक आली आणि ते बसले. मिस्त्री बसले. मंडळी बसली.

मग शांतीची वेळ आली. पाळक म्हणाले, "एकमेकांना प्रभूची शांती द्या," आणि खाली उतरून त्यांनी मिस्त्रींशी हात मिळवला. मिस्त्री शेजारी वळले. शेजारी कोणी नाही, मागे तीन रिकामे बाक. मग ते पाचव्या रांगेत गेले आणि एका टोकापासून सुरुवात केली. काम हातात घेतलं की अर्धं सोडायचं नाही, ही त्यांची सवय. दीडशे हात झाले. हे बघून इतरांनीही दीडशे-दीडशे करायला घेतले. अशी शांती त्या चर्चमध्ये कधी झाली नव्हती. तेवढ्यात दोन बायकांचं नऊ वर्षांचं भांडण मिटलं, कारण गर्दीत कोणाचा हात धरलाय हे दोघींनाही दिसलं नाही.

सहाव्या रांगेत बाईंनी मिस्त्रींचा हात धरला आणि हळूच विचारलं, "आपण आधी कळवलं का नाही?"

"मुलीने सांगितलं नाही का?" मिस्त्री म्हणाले.

बाई विचारात पडल्या. म्हणजे मुलीचे वडील हेच, आणि ते वरच्या ऑफिसात आहेत हे मुलीने खरंच सांगितलं नव्हतं. मुलगी नम्र आहे, असं त्यांनी मनात लिहून घेतलं.

मग उपदेश. पाळकांनी नऊ पानं लिहून आणली होती. दुसरं पान संपायच्या आत मिस्त्रींचा डावा पाय झोपला. आधी त्यांनी बुटात बोटं हलवली. मग बूट हलवला. तिसऱ्या पानावर मुंग्या गुडघ्यापर्यंत आल्या. पाय असा झाला, की माणसाने एकतर उभं राहावं नाहीतर ओरडावं. मुलीचा संसार डोळ्यांसमोर आणून मिस्त्री ओरडले नाहीत. उभे राहिले.

मंडळी उभी राहिली.

वर माडीवर ऑर्गनपाशी मुलगा बसला होता. त्याची पाठ मंडळीकडे, म्हणून समोर गाडीला असतो तसा एक छोटा आरसा लावलेला. आरशात त्याला दीडशे माणसं उभी दिसली. माणसं उभी म्हणजे गीत. आपलं लक्ष नव्हतं आणि उपदेश संपला, असं वाटून बिचाऱ्याने घाईघाईने सगळ्या पट्ट्यांवर हात टाकला.

पाळकांचं वाक्य अर्धं राहिलं होतं. त्यांनी मंडळीकडे बघितलं, माडीकडे बघितलं, मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री पाय झटकत होते. पाळक उरलेल्या सहा पानांची घडी करून "आमेन" म्हणाले. इतक्या मनापासून गायलेलं गीत त्या चर्चने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

राहता राहिलं प्रभुभोजन. पहिली रांग पहिली जाते. पहिल्या रांगेत मिस्त्री. ही एकच गोष्ट त्यांना पक्की पाठ होती, त्यामुळे ते रुबाबात उठले, हात छातीवर फुली करून पुढे गेले आणि मान वाकवली. पाळकांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. अगदी कागदावर छापल्याप्रमाणे.

पाचव्या रांगेतले गृहस्थ लहानपणापासून या चर्चमधले. दर रविवारी भाकर घ्यायचे. पण वरच्या ऑफिसातला माणूस हात छातीवर घेतो म्हणजे काहीतरी नवीन निघालं असणार. त्यांनी हात छातीवर घेतले. त्यांच्या बायकोने घेतले. सहाव्या रांगेत बाईंचा हात भाकरीसाठी पुढे येता येता थांबला, क्षणभर हवेत राहिला आणि छातीवर गेला. मग काय, दीडशे माणसं छातीवर फुली करून आली आणि आशीर्वाद घेऊन गेली. भाकरीचं ताट जसं भरलं होतं तसं भरलेलं राहिलं. पाळकांनी एकदा ताटाकडे आणि एकदा मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींनी धीर द्यावा म्हणून मान हलवली.

उपासनेनंतर बाजूच्या खोलीत कॉफी होती. मिस्त्री कप घेऊन खिडकीशी उभे राहिले. काही चुकलं नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं. तोवर मुलगा माडीवरून घामाघूम होऊन आला.

"काका, मध्येच उभे का राहिलात?"

"पाय झोपला होता."

"आणि सगळे?"

"सगळ्यांचाच झोपला असेल. बाक कडक आहेत तुमचे."

तेवढ्यात एकीकडून पाळक आले आणि दुसरीकडून निळा कोट. "आपले आभार कसे मानू?" पाळक म्हणाले. "आपण होतात म्हणून आज निभावलं. फक्त एक विचारायचंय. ते हात छातीवर, भाकर कोणीच घ्यायची नाही, ही इथली रीत दर रविवारची आहे, की महिन्याच्या पहिल्याच?"

"मला काय ठाऊक," मिस्त्री म्हणाले. "मी आज पहिल्यांदाच आलोय. मी लिफ्ट दुरुस्त करतो."

खोलीत ज्यांच्या ज्यांच्या हातात कप होते, ते कप थांबले. बाईंचा चेहरा बघून मिस्त्रींना कळलं, की काहीतरी चुकलंय आणि ते मोठं आहे. त्यांना मुलगी दिसली, सकाळी शिकवणी घेणारी. काय सांगायचं तिला?

"आपण वरच्या ऑफिसातून..." पाचव्या रांगेतले गृहस्थ म्हणाले.

"वरून नाही हो. मी बसने आलो."

सगळ्या माना निळ्या कोटाकडे वळल्या. बाई मंडळाच्या सेक्रेटरी. एका लिफ्टवाल्याच्या मागे त्यांनी दीडशे माणसांसकट भाकर सोडली होती, तीही नव्या पाळकांच्या पहिल्याच दिवशी. त्यांनी कॉफीचा एक घोट घेतला, सावकाश गिळला.

"रीत दर रविवारची नाही," त्या पाळकांना म्हणाल्या. "घरचा पाहुणा पहिल्यांदा आला की त्याला एकट्याला अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून त्या दिवशी आम्ही सगळेच त्याच्यासारखं करतो. जुनी पद्धत आहे आमची."

"किती सुंदर," पाळक म्हणाले आणि त्यांनी वही काढली. "घरचा पाहुणा म्हणजे?"

बाईंनी मिस्त्रींकडे बघितलं. मग दीडशे माणसांकडे.

"हे माझे व्याही," त्या म्हणाल्या.

मुलाने भिंत धरली. पाळकांनी लिहून घेतलं. आजूबाजूचे कप पुन्हा हलायला लागले, आणि दारातले बिल्लेवाले आजोबा शेजाऱ्याला सांगू लागले, की हो, त्यांच्या लहानपणीही अशीच पद्धत होती.

गर्दी पांगल्यावर बाई खिडकीशी आल्या. "लग्न इथेच होईल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण तुम्ही माझ्या मागे बसायचं. मी उठले की उठायचं."

"चालेल," मिस्त्री म्हणाले. मग त्यांना राहवेना. "एक विचारू का, विहीणबाई? मी तुमचं बघणार. तुम्ही कोणाचं बघणार?"

बाईंनी कपातली उरलेली कॉफी संपवली.

"जुन्या पाळकांच्या बायकोचं बघायचे," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षं. आता त्या गेल्या मुलाकडे." त्यांनी रिकामा कप खिडकीत ठेवला. "तुम्ही पुढच्या रविवारी मोकळे आहात का?"