फूल शुक्रवारी उमलेल

जे जाहीर झालं नाही ते घडलंच नाही, हे तत्त्व आमच्या विद्यापीठाने फार पूर्वी मान्य केलं आहे. मात्र जे जाहीर झालं ते घडलंच पाहिजे, असा हट्ट विद्यापीठ धरत नाही. मनाचा एवढा मोठेपणा इतर संस्थांत सहसा आढळत नाही.

या तत्त्वाची अंमलबजावणी सूचना कक्ष करतो. मी तिथे मजकूर तपासतो. दर सोमवारी आमचं ‘आगामी कार्यक्रम’ हे पत्रक निघतं. ते फलकांवर लागतं, प्रत्येकाच्या फोनवर जातं, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी फोनवरचं पत्रक पाहावं अशी त्यांना लेखी समज दिली जाते. कार्यक्रम पुढे गेला की शुद्धिपत्रक निघतं. शुद्धिपत्रकात चूक राहिली की त्याचं शुद्धिपत्रक निघतं. वाळवीवरचं एक व्याख्यान इतक्यांदा पुढे ढकललं गेलं की अखेर फलकावरची मूळ सूचना वाळवीनेच खाल्ली. (व्याख्यान प्रात्यक्षिकासह पार पडल्याची नोंद आहे.)

कक्षाच्या प्रमुखांना सगळे ‘लवकरच’ म्हणतात, कारण त्यांची प्रत्येक सूचना याच शब्दाने सुरू होते. माणूस देवासारखा. म्हणजे हाकेला येत नाहीत, पण आहेत यावर सर्वांची श्रद्धा आहे. घरी बायकोने पानं घेऊ का विचारलं, तर ते आधी जागेची उपलब्धता विचारतात असं म्हणतात. (ऐकीव आहे. लवकरचसाहेबांनी याचा इन्कार करण्याची तारीख जाहीर केली आहे.)

एवढ्या सुरळीत चाललेल्या कारभारात वनस्पतिशास्त्राच्या बाईंमुळे कसा व्यत्यय आला, ते सांगायचं आहे.

या बाई नोकरीला लागल्या तेव्हा त्यांच्या गुरूंनी त्यांच्या हातावर एक कंद ठेवला होता. हे झाड वर्षानुवर्षं नुसती पानं काढतं, जन्मात एकदाच फुलतं, तेही एका दिवसापुरतं, मग मरतं. बाईंनी कंद विद्यापीठाच्या काचघरात लावला. त्यांचं लग्न झालं, मुलगी झाली, मुलीचंही लग्न झालं, यजमान निवृत्त होऊन घरी बसले, तरी झाड आपलं पानंच काढत होतं. यजमान त्याला ‘धाकटी’ म्हणत. बाई घरी आल्या की चहाआधी विचारत, “काय म्हणते धाकटी? स्थळं बघायची का?”

बाईंच्या निवृत्तीच्या महिन्यात धाकटीला कळी आली.

बाई धावतच आमच्या कक्षात आल्या. पांढरे केस, हाताला माती, आणि चेहरा पहिल्यांदा पगार झालेल्या पोरीसारखा. म्हणाल्या, “सगळ्यांना कळवा हो. बिचारीने सगळा जन्म काचेआड काढला. एक दिवस तरी लोकांनी बघावं.”

लवकरचसाहेबांनी अर्ज पुढे केला. त्यात कार्यक्रमाच्या तारखेपुढे बाईंनी ‘फूल ठरवेल’ असं लिहिलं. मी नियमाप्रमाणे शेरा मारला : ‘फूल हे सक्षम प्राधिकारी आहे काय?’

“अंदाजे तरी सांगा,” लवकरचसाहेब म्हणाले.

“पुढच्या आठवड्यात. केव्हाही.”

“केव्हाही हा वार नाही, बाई.”

शेवटी वार पाहुण्यांच्या सोयीने ठरला. पाहुणे एका मोठ्या बांधकाम कंपनीचे मालक होते. निसर्गाशी त्यांचा जुना संबंध होता. त्यातला बराचसा त्यांनी सपाट केला होता. त्यांना शुक्रवार दुपार मोकळी होती. त्यानुसार सोमवारच्या पत्रकात ठळक अक्षरांत आलं : ‘लवकरच! शुक्रवारी दुपारी ठीक चार वाजता काचघरात दुर्मीळ फूल उमलेल. आसनं मर्यादित. नोंदणी आवश्यक. उपस्थितांस प्रमाणपत्र.’ झाडाचं शास्त्रीय नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे छापलं होतं, म्हणजे कुठलं तरी एक बरोबर यावं.

प्रतिसाद उदंड आला. आसनं दुपारच्या आत संपली. स्वागत समिती झाली, रांग समिती झाली, सुगंध समितीही झाली. फुलाला वास येईल की नाही हे कुणालाच ठाऊक नसल्याने या समितीने दोन्ही अहवाल आधीच लिहून ठेवले. ज्या विद्यापीठात परीक्षेचे निकाल वेळेवर लागत नाहीत, तिथे ही तत्परता कौतुकास्पद म्हणायला हवी.

मंगळवारी सकाळी फूल उमललं.

कुणालाही न विचारता उमललं. बाईंनी काचघराचं दार उघडलं तर समोर परातीएवढं फूल. बाहेरून साधं, पोपटी. आत जांभळा रंग इतका गर्द, की बघणाऱ्याला आपसूक हळू बोलावंसं वाटावं. बाईंनी आधी घरी फोन लावला.

“अहो, या लगेच. उमललं.”

“पण शुक्रवार होता ना?” यजमान म्हणाले.

“तुम्हीसुद्धा?”

“आलो, आलो!”

मग बाई आमच्याकडे आल्या. धाप लागली होती. “आत्ताच्या आत्ता सगळ्यांना कळवा. संध्याकाळपर्यंत मिटेल ते.”

“मिटेल कसं?” लवकरचसाहेब शांतपणे म्हणाले. “पाहुणे शुक्रवारी येताहेत.”

“हे त्याला कुणी सांगितलं नाही.”

“विभागप्रमुख तुम्ही आहात, बाई. सांगायचं काम तुमचंच होतं.”

यात लवकरचसाहेबांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तातडीची सूचना काढता येते, नियमात तशी सोय आहे. फक्त तिचा अर्ज आठवडाभर आधी द्यावा लागतो. कुलगुरूंची खास परवानगी असेल तर ही अट शिथिल होते, पण कुलगुरू बैठकीत होते. बैठक शुक्रवारच्या फुलासाठी कोणत्या रंगाची फीत लावावी याबद्दल होती, आणि बैठकीत कुणालाही आत सोडू नये असा आदेश होता. बाई बंद दारासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. आतून ‘पिवळी’, ‘पिवळी नको’ असे आवाज येत होते.

परत जाताना त्या माझ्या टेबलापाशी थांबल्या. “तुम्ही तरी चला. चार पावलांवर आहे.”

मी शुक्रवारी येत असल्याचं त्यांना सांगितलं. माझं आसन राखीव होतं.

मग बाईंनी जे केलं ते विद्यापीठाच्या शिस्तीत बसत नाही. त्या काचघराच्या दारात उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना चक्क हाका मारू लागल्या. “आत या ना. फूल उमललंय. दोन मिनिटं फक्त.” नोकरीत कधी कुणापुढे आवाज न चढवलेली बाई, घसा बसेपर्यंत बोलावत होती. जवळपास निम्म्या लोकांनी प्रमाणपत्र आजच मिळेल का असं विचारलं. उरलेल्यांनी तेवढंही विचारलं नाही. एका तरुणाने आपली नोंदणी शुक्रवारची असल्याचा संदेश उघडून दाखवला आणि आज आत गेलो तर ती रद्द होईल का अशी रास्त शंका काढली. सौंदर्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. त्यांना ‘पाहण्याची कला’ या विषयावर तास घ्यायचा होता. काचघराकडून अनोळखी सुगंध येत असल्याची एक तक्रार स्वच्छता विभागाकडे आली, आणि सुगंध समिती शुक्रवारी कार्यरत होईल असं उत्तर त्याच दिवशी गेलं.

दुपारी यजमान डबा घेऊन आले. त्यांच्यापाठोपाठ एक अनोळखी बाई दारापाशी घुटमळल्या. त्यांच्या मुलीचा पेपर चालू होता. तो संपेपर्यंत कुठे बसायचं हे त्यांना कुणी सांगत नव्हतं. जिथे टेकावं तिथून उठवत होते.

“इथे बसले तर चालेल का हो?”

“चालेल म्हणजे काय!” बाई म्हणाल्या. “आत या आधी.”

त्या आत आल्या आणि “अगबाई!” म्हणून मटकन कट्ट्यावर बसल्या. पुढचा भाग मला यजमानांनी नंतर सांगितला. त्याची अधिकृत नोंद नाही.

बराच वेळ गेल्यावर त्या माउलीने विचारलं, “हे रोज असं असतं?”

“नाही हो. आजच. मग कधीच नाही.”

“मग बाकीची माणसं कुठायत?”

“ती शुक्रवारी येणार आहेत,” यजमान म्हणाले.

माउलीने फुलाकडे पाहिलं, यजमानांकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. ते बघून यजमानांना फुटलं. मग बाईही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि नंतर त्यांना थांबता येईना. त्या पुढे हसत होत्या की रडत होत्या, याबद्दल यजमान ठाम नाहीत. तिघांनी तो डबा फुलासमोर बसून वाटून खाल्ला. उन्हं कलली तसं फूल कडेपासून हळूहळू मिटत गेलं. माउली जाताना म्हणाल्या, “लेकरासारखं वाढवलंत हो. दिसतं ते.” आजवर विद्यापीठाने बाईंचा गौरव केलेला नसल्याने या उद्गारांची कशाशी तुलना करता येत नाही.

शुक्रवारचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. काचघर ओसंडून वाहत होतं. झाडाचा देठ मान टाकून लोंबत होता, त्यावर हिरवं कापड घातलं होतं आणि कापडाला फीत होती. (पिवळी.) पाहुण्यांनी ठीक चार वाजता फीत ओढली. वाळका देठ दिसताच टाळ्यांचा कडकडाट झाला, सगळ्यांनी फोन उंच धरले. कुलगुरू म्हणाले की उमललेलं फूल म्हणजे संपलेली शक्यता. आपल्यासमोर आहे ती शुद्ध शक्यता. पाहुणे म्हणाले की एवढा साधेपणा त्यांनी क्वचितच पाहिला आहे आणि त्याला जागाही फार लागत नाही.

मग बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या म्हणाल्या, “फूल मंगळवारी उमललं होतं. दिवसभर उघडं होतं. दारही.” एवढं बोलून त्या खाली बसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण बाई खाली बसल्या होत्या. इतिवृत्तात मी लिहिलं : ‘बाईंनी समयोचित विचार मांडले.’

शेवटी ‘फूल प्रत्यक्ष पाहिल्याबद्दल’ अशी प्रमाणपत्रं वाटली गेली. बाईंना मिळालं नाही. त्यांनी नोंदणी केली नव्हती. शंभरातल्या सत्त्याण्णव जणांनी कार्यक्रम अविस्मरणीय असल्याचं अभिप्रायात कळवलं. बाकीच्या तिघांची गाड्या लावण्याच्या जागेबद्दल तक्रार होती.

महिनाअखेर बाई निवृत्त झाल्या. मेलेल्या झाडाच्या बुडाशी त्यांना दोन छोटे कंद सापडले. एक त्यांनी घरी नेला, दुसरा त्या माउलींचा पत्ता शोधून त्यांना नेऊन दिला. विद्यापीठाच्या मालमत्तेतून दोन कंद कमी झाल्याची बाब सध्या विचाराधीन आहे.

आता गोष्ट संपल्यावर काही वाचकांची पत्रं येतील. आम्हाला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर आम्ही हातातलं काम टाकून गेलो असतो, असं त्यांत असेल. कक्षाच्या वतीने मला नम्रपणे कळवायचं आहे, की त्या मंगळवारी सकाळी तुम्ही काचघरावरूनच गेलात. दारातल्या बाई तुम्हाला, “अहो, जरा आत येता का?” असं म्हणाल्याही होत्या. तुम्ही उद्धटपणा केला नाहीत. छान हसलात, आणि कामात आहे अशी खूण करून पुढे गेलात. काम खरंच होतं. तुम्ही फोनवर शुक्रवारसाठी ‘नक्की येणार’ असं कळवत होता.